‘आपल्या बाया काटक होत्या’ : नैसर्गिक बाळंतपणाच्या कौतुकामागची जात

‘पूर्वीच्या बाया शेतात बाळंत व्हायच्या, पदरात मूल घेऊन घरी यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुरपायला जायच्या.’ हे वाक्य तुम्ही किमान दहा वेळा ऐकलं असेल. बोलणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. कधी डॉक्टर असतो, कधी गर्भसंस्काराचे वर्ग चालवणारी बाई असते. आणि कधी कधी, हे जास्त खटकतं, आपल्याच वस्तीतला एखादा कार्यकर्ता भाषणात छाती फुगवून हे सांगतो. ‘आपल्या बाया काटक होत्या.’ टाळ्या पडतात.

नाशिकमध्ये सध्या नैसर्गिक प्रसूतीची चर्चा जोरात आहे. इंजेक्शन नको, कळा वाढवणारं सलाईन नको, कमरेतली भूल नको, टाके नकोत. मंद उजेड, मंत्र, संगीत, श्वासाचे व्यायाम. ज्यांना हे परवडतं त्यांनी जरूर करावं. कुठल्या बाईने कसं बाळंत व्हावं हे तिने ठरवावं, यात वाद नाही. वाद त्या जाहिरातीबरोबर फुकट येणाऱ्या इतिहासाशी आहे. त्या इतिहासात आपली आजी असते, पण तिचं नाव नसतं, तिची जात नसते, तिची भूक नसते. ती फक्त ‘निसर्गाच्या जवळ’ असते.

माझं म्हणणं सरळ आहे. औषधाविना बाळंत होणं ही निवड तेव्हाच असते, जेव्हा औषध हाताशी असतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाताशी ते नव्हतं आणि ते का नव्हतं याला जात हे कारण आहे. त्यांच्या सोसण्याला काटकपणा म्हणणं म्हणजे त्यांच्यावर झालेल्या अन्यायाला प्रशस्तिपत्र देणं.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात जन्मली. आजी तेव्हा सिन्नर तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कळा सुरू झाल्यावर तिने मुकादमाला लगेच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दिवसाची हजेरी गेली असती. बाभळीखाली दोन बायांनी लुगड्याचा आडोसा धरला. नाळ कशाने कापली हे आजीला आठवत नाही, म्हणजे सांगायचं नसेल. अकराव्या दिवशी ती पुन्हा खडीवर गेली. तिला मी एकदा विचारलं, ‘आजी, तुला भीती नाही वाटली?’ ती म्हणाली, ‘भीती वाटून काय करती? हजेरी कोण देतं?’ आजीच्या याच बाळंतपणाची गोष्ट आमच्या एका नातेवाइकाने लग्नाच्या मांडवात मोठ्या अभिमानाने सांगितली होती. त्यात हजेरीचा भाग गळलेला होता.

आता थोडं मागे जाऊ.

१८४७ साली एडिंबरोत जेम्स यंग सिम्पसन या डॉक्टरने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. ख्रिस्ती धर्ममार्तंडांपैकी काहींनी ओरड केली की बाईने वेदनेतच मूल जन्माला घालावं असं बायबलातच लिहिलंय, वेदना कमी करणं म्हणजे देवाच्या शिक्षेत ढवळाढवळ. हा वाद थंड व्हायला एक राणी लागली. १८५३ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी जॉन स्नो या डॉक्टरच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला. राणीने घेतलं म्हटल्यावर पाप संपलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याच राणीचं राज्य ज्या देशावर पुढे यायचं होतं तिथे ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीमाईंच्या पुण्यातल्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. महार-मांगांच्या दुःखाबद्दलचा हा निबंध आपण सगळे ‘धर्म नसलेले आम्ही’ या प्रश्नासाठी वाचतो, भाषणांत वापरतो. पण त्यातला बाळंतपणाचा भाग आपण भरभर ओलांडतो. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं ही मुलगी विचारते. पुढे ती आणखी टोकदार होते. बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठला? तुमच्यातल्या कुठल्या वैद्याने कधी फुकट औषध दिलं?

चौदाव्या वर्षी तिने जे पाहिलं ते पुढच्या पावणेदोनशे वर्षांत अनेक शिकलेल्यांना दिसलं नाही. बाळंतपण हा शरीराचा प्रश्न आहेच. पण छपराचा, पैशाचा आणि वैद्याच्या जातीचाही आहे. मराठीत बाळंतपणाच्या राजकारणावर इतकं स्पष्ट लिहिणारी मुक्ता साळवे पहिल्या काहींपैकी एक आहे आणि ती डॉक्टर नव्हती.

मुक्ताने लिहिलेला पाऊस लक्षात ठेवा, कारण तोच पाऊस पुढे लंडनमध्ये भेटतो.

‘नैसर्गिक बाळंतपण’ हा शब्द जगभर ज्याने रुळवला तो ग्रँटली डिक-रीड हा इंग्रज डॉक्टर. त्याचं या नावाचं पुस्तक १९३३ साली आलं. त्याच्या विचारांची सुरुवात कुठे झाली हे त्याने स्वतः सांगून ठेवलंय. तरुण असताना तो लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका बाळंतपणाला गेला. रेल्वेच्या कमानींजवळची खोली, फुटक्या खिडकीतून आत येणारा पाऊस, धड पांघरूण नाही, खाटेचं एक टोक खोक्यावर टेकवलेलं. त्याने त्या बाईला क्लोरोफॉर्म देऊ केला, तिने नाकारला. नंतर विचारल्यावर ती म्हणाली की दुखलंच नाही आणि दुखायला हवं होतं का? या उत्तरावर त्याने आयुष्यभराचा सिद्धांत उभा केला : वेदना भीतीतून येते, भीती सुधारलेपणातून येते, आणि ‘आदिम’ बाया सहज बाळंत होतात.

त्या खोलीत मुक्ता साळवे असती तर तिने आधी खिडकीकडे बोट दाखवलं असतं.

डिक-रीडच्या काही गोष्टी बरोबर होत्या हे मी मान्य करते. बाईला एकटं टाकू नये, तिला काय चाललंय ते समजावून सांगावं, भीतीने अंग आखडतं आणि दुखणं वाढतं, हे आज कुठलीही चांगली परिचारिका सांगेल. पण हे सगळं त्याला कशासाठी हवं होतं? सुशिक्षित, वरच्या थरातल्या इंग्रज बाया वेदनेच्या भीतीने कमी मुलं जन्माला घालतायत आणि त्यामुळे वंशाचा दर्जा घसरतोय, ही त्याची चिंता होती. म्हणजे गरीब बाईकडून शिकायचं आणि श्रीमंत बाईची कूस भरायची. आपल्याकडे २०१७ साली संघपरिवारातल्या आरोग्य भारतीच्या ‘उत्तम संतती’ प्रकल्पाच्या बातम्या आल्या होत्या, त्यात उंच, गोऱ्या, बुद्धिमान संततीची हमी दिली जात होती. त्या बातम्या वाचताना मला डिक-रीड आठवला. निसर्ग, संस्कार, वंशशुद्धी ही तीन माणसं नेहमी एकाच गाडीतून प्रवास करतात. गर्भसंस्कार ज्या सोळा संस्कारांच्या यादीशी नातं सांगतो त्या यादीत ‘पुंसवन’ आहे, ते मुलगाच व्हावा म्हणून. आणि ते संस्कार समंत्रक करण्याचा अधिकार शूद्रांना नव्हता, अतिशूद्रांची तर गोष्टच सोडा. आज तोच संस्कार फी भरून आपल्या मुलींनाही मिळतो, एवढीच काय ती प्रगती.

‘यांना दुखत नाही’ ही कल्पना किती दूर जाऊ शकते ते अमेरिकेत पाहायला मिळतं. जे. मॅरियन सिम्स याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटलं जायचं. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात त्याने गुलाम कृष्णवर्णीय बायांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अनार्का, लूसी, बेट्सी ही त्यातली तीन नावं उरली आहेत. अडलेल्या बाळंतपणात त्यांच्या मूत्राशयाला भोक पडलं होतं, लघवी सतत गळत होती. ईथरची भूल १८४६ मध्ये जाहीर झाली होती, तरी या बायांना भूल दिली नाही. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. २०१८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून सिम्सचा पुतळा हटवला गेला. काळी बाई दणकट, महारीण काटक, आदिवासी बाई निसर्गकन्या. भाषा वेगळी, हिशेब एकच : जिला दुखत नाही तिच्यावर खर्च करायची गरज नाही.

आता आपल्या गावात येऊ.

मराठी मुलखात सुईणपण हे जातीचं काम होतं. बऱ्याच गावांत ते मांगिणीकडे असे, काही ठिकाणी इतर जातींच्या बाया करत. कारण साधं होतं. ब्राह्मणी धर्माने बाळंतपणाला विटाळ ठरवलं. मृत्यूचं सुतक तसं जन्माचं सोयर. रक्त, वार, नाळ हे सगळं अशुद्ध. मग अशुद्ध काम अशुद्ध ठरवलेल्या हातांनी करायचं. सुईण रात्री-बेरात्री वाड्यावर बोलावली जायची. बाईचं पोट चोळायची, आडवं आलेलं मूल बाहेरून हात फिरवून सरळ करू पाहायची, बाईला उकिडवं बसवायची, नाळ कापायची, वार पुरायची, घाण धुवायची. मोबदला म्हणजे पायली-दोन पायली धान्य, जुनं लुगडं, मुलगा झाला तर थोडं जास्त. आणि सोयर फिटलं की तिला पुन्हा अंगणाच्या बाहेर.

याचा नीट विचार करा. सवर्णाच्या बाळाला या जगात पहिला स्पर्श कुणाचा होत असे? जिची सावली चालत नव्हती तिचा. आईच्या आधी तिचा. २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं गोदाकाठी उभी राहिली, त्यांत बायाही होत्या, आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. पाचेक वर्षं सत्याग्रह चालला, पण अस्पृश्यांसाठी ते उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. त्या बंद दरवाजांच्या आत उभ्या असलेल्यांपैकी कितीजणांची नाळ अस्पृश्य बाईने कापली असेल? जिच्या हातांनी माणूस जन्माला येऊ शकतो, तिच्या नजरेने देव बाटतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शुद्ध-अशुद्धतेचा सिद्धांत शिकवला, लुई द्युमाँ वगैरे. सुईणीचा हात मात्र अभ्यासक्रमात नव्हता.

सुईणीच्या ज्ञानाबद्दल इथे दोन गोष्टी एकत्र बोलायला हव्यात आणि आपल्यात बहुधा एकच बोलली जाते. एक म्हणजे ते ज्ञान खरं होतं. बाईला चालू द्या, उकिडवं बसू द्या, जवळ ओळखीची बाई असू द्या, उगाच चिरू नका, हे सगळं आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींमध्ये वेगळ्या भाषेत सापडतं. तेच आता महागड्या वर्गांत शिकवलं जातं. ज्ञान वर गेलं, सुईण खालीच राहिली. दुसरी गोष्ट कडू आहे. त्याच हातांनी बाया आणि बाळं मेलीसुद्धा. खुरपं, विळा, पातं जे हाताला येईल त्याने नाळ कापली जायची, त्यावर राख किंवा शेण लावलं जायचं, आणि बाळाला धनुर्वात व्हायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते असं आपल्या आज्या मानायच्या. धनुर्वाताने बाळ दगावायचं तेही त्याच आठवड्या-दोन आठवड्यांत. सटवाईने नेलं म्हणत आयांनी डोळे पुसले. तो आजार लशीने, स्वच्छ पात्याने आणि साबणाने हटला. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारताबाबत २०१५ मध्ये मान्य झालं. सुईणीला साबण, उकळलेलं पाणी आणि शाळा कुणी नाकारली, हा प्रश्न तिला अडाणी म्हणण्याआधी विचारावा.

बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतपणाचं जे वर्णन केलंय ते वाचल्यावर ‘निसर्ग’ हा शब्द तोंडातून निघत नाही. कोवळ्या वयाच्या पोरी, जखमा, पुसायला धड चिंधी नाही, आणि बाळंत झाल्यावर पोटात घालायला काही नाही. भूक ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. सवर्ण बाळंतिणीला सव्वा महिना बाज, शेगडीचा शेक, धुरी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर. हिला ज्वारीच्या कण्या मिळाल्या तर नशीब. ‘दुसऱ्या दिवशी कामावर गेली’ हे कौतुकाने सांगणाऱ्याने एकदा विचारावं की ती घरी राहिली असती तर तिला कोण जेवू घालणार होतं.

सवर्ण बायांचं सुखाचं चाललं होतं असा याचा अर्थ नाही. बाळंतिणीची खोली म्हणजे वाड्यातली सगळ्यात अंधारी खोली, वारा बंद, धूर कोंडलेला, आणि दहा दिवस तिला कुणी शिवायचं नाही. आपल्याच घरात दहा दिवसांची अस्पृश्यता. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं, आणि त्यातून त्यांची डॉक्टर होण्याची जिद्द उभी राहिली हे सर्वांना ठाऊक आहे. कमी लोकांना हे ठाऊक असतं की १८६३ साली पुण्यात, गरोदर राहिलेल्या ब्राह्मण विधवांना गुपचूप आणि सुरक्षित बाळंत होता यावं म्हणून बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते जोतीराव आणि सावित्रीमाईंनी, एका माळी जोडप्याने, स्वतःच्या घरात. जोतीरावांनीच नंतर लिहिल्याप्रमाणे तिथे ३५ ब्राह्मण विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्यापैकीच एकीचा मुलगा यशवंत. त्याला त्यांनी दत्तक घेतलं, डॉक्टर केलं. ज्या धर्माने त्या बायांना विहीर किंवा फाशी एवढेच पर्याय ठेवले होते, त्या धर्माच्या बाहेर उभं राहून शूद्र बाईने त्यांची बाळंतपणं सांभाळली. सावित्रीमाईंना फक्त ‘पहिली शिक्षिका’ म्हणून फ्रेममध्ये बसवणाऱ्यांनी हा भाग सोयीने बाहेर ठेवलाय. आपणही काही वेळा.

आणि बाबासाहेब? बाबासाहेब हे भीमाईचं चौदावं अपत्य. चौदांतली पाच जगली. बाबासाहेब पाच वर्षांचे असताना भीमाई गेल्या. चौदा बाळंतपणं आणि नऊ मुलांची मरणं हे एका सुभेदाराच्या, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या परिस्थितीतल्या घरातलं चित्र. रमाईंच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न गेले. राजरत्न गेला १९२६ च्या जुलैमध्ये. दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदे मंडळात कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, हे त्यांचं म्हणणं. त्याचा खर्च मुख्यतः सरकारने उचलावा, पण तोवर ज्याला तिच्या श्रमाचा फायदा मिळतो त्या मालकालाही सुटका नाही, हा त्यांचा मुद्दा. दोन घटनांचा मी संबंध जोडत नाही, त्यांनी स्वतः जोडलेला मला माहीत नाही. पण तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

१९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आला, तो बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. त्या भाषणातला एक मुद्दा आजही पुरुषांच्या बैठकीत वाचून दाखवावा असा आहे : बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मूल जन्माला घालायला कुणी तयार झाला नसता. वेदनेला पवित्र म्हणणारा धर्म एकीकडे, आणि वेदना ही वेदनाच आहे, ती टाळता येत असेल तर टाळायला हवी असं कायदेमंडळात सांगणारा हा विचार दुसरीकडे. आंबेडकरी माणसाने कुठल्या बाजूने बोलायचं?

१९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात बाबासाहेबांनी दुरुस्त्या आणल्या. याच काळात, १९४३ मध्ये, युद्धाच्या कोळशासाठी बायांवरची जमिनीखालच्या कामाची बंदी उठवली गेली होती आणि त्यावर टीका झाली, हेही सांगायला हवं. १९४६ ला ती बंदी परत आली. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा, २०१७ मध्ये २६ आठवड्यांची पगारी रजा, ही सगळी त्याच वाटेवरची पावलं. पण रजा कुणाला? जिला पगारपत्रक आहे तिला. द्राक्षबागेत छाटणीला जाणारी, कांद्याच्या खळ्यावर निवडायला बसणारी, वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेली बाई, हिला मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये, तेही कागदपत्रं जुळली तर. खडीवरच्या हजेरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

इथे मला त्रिरश्मी लेण्यांवर थोडं थांबायचंय. लोक त्यांना अजून पांडवलेणी म्हणतात, आपण म्हणू नये. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, राजाच्या आईने कोरवून घेतलेला, आणि तिचा मुलगा इतिहासाला गौतमीपुत्र म्हणून माहीत आहे. आईच्या नावाने राजा ओळखला जात होता त्या काळातलं हे लेणं भिक्खूंना दिलेलं आहे. ज्या बुद्धासाठी ते कोरलं, त्याच्या आईची गोष्ट आपण वैशाख पौर्णिमेला सांगतो. महामाया लुंबिनी वनात, प्रवासात, शालवृक्षाची फांदी धरून, उभ्याने बाळंत झाली. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध नैसर्गिक बाळंतपण हेच असेल. शिल्पांत, चित्रांत ते फार सुंदर दिसतं. आणि सातव्या दिवशी महामाया वारली. तिला काय झालं हे आज कुणी सांगू शकत नाही. पण गौतमाला प्रजापती गौतमीने वाढवलं, कारण त्याची आई बाळंतपणानंतर आठवडाभरही जगली नाही. फांदी धरलेली महामाया आपण भिंतीवर लावतो. सातव्या दिवसाची लावत नाही.

बौद्ध साहित्यात आणखी एक जागा आहे. मज्झिम निकायात अंगुलिमाल भिक्खू झाल्यावर भिक्षेला जातो, तिथे त्याला अडलेली बाई दिसते. तो अस्वस्थ होऊन बुद्धाकडे येतो. बुद्ध त्याला पुन्हा तिच्याकडेच पाठवतो, सत्यवचन बोलायला. श्रीलंका, थायलंडमध्ये गरोदर बाईसाठी ते परित्त अजून म्हणतात. मंत्राने बाळंतपण सुटतं असं मी म्हणणार नाही, आपल्या वस्तीत कुणी म्हटलं तर मी भांडेन. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. कळा देणाऱ्या बाईकडे भिक्खूला पाठवलं जातं. विटाळ होत नाही. अंघोळ करावी लागत नाही.

आजची आकडेवारी दोन तोंडांची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. म्हणजे पैसा असेल तिथे गरज नसताना पोट कापलं जातं, आणि इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर गरज असताना बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नैसर्गिक बाळंतपणाची चळवळ पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्याबद्दल ती गप्प असते, किंवा पाड्यावरच्या बाईचा फोटो वापरते.

सरकारी दवाखान्यात आपल्या बाया आजही औषधाविनाच बाळंत होतात. वस्तीत त्याला ‘नॉर्मल’ म्हणतात. मीही झाले, एका सरकारी दवाखान्यात. दहा तास. सासूला बाहेर थांबवलं. शेजारच्या खाटेवरची एकोणीस वर्षांची मुलगी ओरडली तर तिला जे ऐकवलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, वाचणाऱ्या बायांना ते पाठ आहे. मला वेदना कमी करायला काही मिळेल का असं विचारलं तेव्हा आधी हसणं ऐकू आलं आणि मग, ‘तुमच्यातल्या बायकांना सवय असते.’ माझं आडनाव केसपेपरवर होतं. मूल सुखरूप झालं, टाके पडले, त्या रात्रीची परिचारिका मात्र मायाळू होती, तिने मला दोनदा गरम पाणी आणून दिलं. पण ते वाक्य राहिलं. ‘सवय असते.’ डिक-रीडचा सिद्धांत, सिम्सचा हिशेब आणि लग्नाच्या मांडवातलं कौतुक, तिन्ही त्या दोन शब्दांत बसतात.

बाया दवाखान्यात पोचल्या हे मात्र खरं आणि ते मोठं आहे. २०१८-२० च्या आकडेवारीत महाराष्ट्राचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. त्यामागे दवाखाने आहेत, रक्तपेढ्या आहेत, आणि दारोदार फिरून नोंदी करणारी, रात्री रिक्षा शोधणारी आशा आहे. या आशा मोठ्या संख्येने दलित, आदिवासी, बहुजन घरांतल्या आहेत. त्यांना कामगार न म्हणता स्वयंसेविका म्हणतात, पगार न देता मानधन आणि कामागणिक मोबदला देतात. २०२१ मध्ये आणि २०२३ च्या अखेरीस त्या संपावर गेल्या होत्या. सुईणीला पायलीभर धान्य आणि जुनं लुगडं मिळत होतं, तिची नात आता जननी सुरक्षेचा केसमागे ठरलेला भत्ता थकल्याची चौकशी करत तालुक्याला खेटे घालते.

कार्यकर्त्यांसाठी काम काय, तर आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन चार गोष्टी लेखी विचाराव्यात. बाळंतपणाच्या खोलीत बाईबरोबर एक बाई राहू देता का? केंद्र सरकारच्या सूचना २०१६ पासून तशा आहेत आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही आहेत. भूलतज्ज्ञाची जागा भरलेली आहे का, आणि वेदना कमी करण्यासाठी काय उपलब्ध आहे? रक्त साठवण्याची सोय चालू आहे का? आणि आशांचे किती महिन्यांचे पैसे थकलेत? उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांत होतो. तोवर वस्तीतल्या सत्तरीच्या पुढच्या बायांकडे बसून त्यांची बाळंतपणं लिहून घ्या. कुठे झालं, कुणी केलं, कशाने कापलं, काय खाल्लं, कितव्या दिवशी कामावर गेल्या, आणि का गेल्या. शेवटचा प्रश्न विसरू नका.